पूर्वाची सही

१

त्रिवेदी मास्तरांनी मंगळवारी सकाळी संमतीपत्रावर सही केली होती. चांगली ठळक, वळणदार, मास्तरकीला शोभेल अशी. अडचण एवढीच होती की मास्तर सोमवारी संध्याकाळपासून व्हेंटिलेटरवर होते, नळ्या उपसू नयेत म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधलेले होते, आणि बुधवारी पहाटे ते गेले.

बेशुद्ध माणसाची सही, आणि तीही कधी न झालेल्या दुसऱ्या ऑपरेशनसाठी. बिलात मात्र ते ऑपरेशन थाटात बसलेलं होतं. लखनौच्या गोमती नगरातल्या त्या रुग्णालयाचं नाव सांगण्यात काही हशील नाही. बुधवारी दुपारी लबाडी उघडी पडली आणि चोरही लगेच सापडला, म्हणून रुग्णालयाची अब्रू वाचली. चोर म्हणजे बिलिंग विभागातली पूर्वा शेलार. पुरावा असा की त्यापुढे कुणी तोंड उघडू नये. पूर्वाच्या वडिलांनी, निवृत्त सुभेदार दीनानाथ शेलारांनी, स्वतःच्या हातानं हिंदीत लिहून दिलं होतं की मुलीनं फोनवर कबूल केलं, हस्ताक्षर मैंने किए. प्रत्यक्ष बापच सांगतोय म्हटल्यावर हातच्या काकणाला आरसा कशाला? संध्याकाळी पूर्वाची नोकरी गेली. आठवडा उलटायच्या आत शहरातल्या बाकीच्या रुग्णालयांनाही तिचं नाव कळलं, आणि बिलिंगचं काम तिला कुठेच मिळेना.

हे सगळं घडलं थंडीत. मुक्ता खानविलकरच्या दारात पूर्वाची आई आली ती थेट जूनमध्ये, भर उन्हात, पदरानं घाम टिपत.

मुक्ता विमा कंपन्यांसाठी दाव्यांची पडताळणी करायची. खरा आजार, खरी भरती, खरं बिल, हे रुग्णालयात जाऊन बघायचं आणि कंपनीला कळवायचं. ‘बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर’ हा तिचा धंद्याचा मंत्र. मूळची रत्नागिरीची, हवाई दलातल्या नवऱ्याबरोबर लखनौला आली आणि त्याच्या निवृत्तीनंतरही इंदिरा नगरात राहिली. शेलार कुटुंब पलीकडच्याच गल्लीतलं. पूर्वाच्या आईशी, माणिकवहिनींशी, तिचं येणंजाणं होतं, पण पूर्वाचा विषय त्या घरात बंद होता आणि मुक्तानंही तो कधी काढला नव्हता.

माणिकवहिनींनी पाण्याचा पेला हातात धरला, प्यायल्या नाहीत. पूर्वा त्या रात्रीच घर सोडून गेली होती. हॉस्टेलमध्ये राहते, अमीनाबादेत कापडाच्या दुकानात बसते, आठवड्याला आईला फोन करते. वडिलांचं नाव काढत नाही, आणि वडील तिचं काढत नाहीत. घरात दोन माणसं जेवतात आणि भाकरी तिघांच्या होतात, कारण वहिनींचा हात अजून ऐकत नाही.

“ती वाईट वागली असेल तर असू दे,” त्या म्हणाल्या. “पण का वागली, कुणासाठी वागली, तेवढं मला सांग. पोरीनं ते काम किती हौसेनं धरलं होतं, तुला माहीत आहे. असं स्वतःच्या हातानं कसं मोडेल ती?”

मुक्ताला माहीत होतं. बी.एस्सी. झाल्यावर पूर्वानं बी.एड. करावं अशी सुभेदारांची इच्छा होती. ती हटून बसली, मेडिकल बिलिंगचा कोर्स केला, प्रत्येक आजाराला आणि उपचाराला असलेले आकडे पाढ्यांसारखे पाठ केले. “बिलं फाडायला का शिकवलं तुला?” असं वडील म्हणायचे तेव्हा ती हसायची. माणूस आजारी पडला की घरच्यांचं डोकं ठिकाणावर नसतं, त्या वेळी बिल तरी सरळ असावं, असं तिचं म्हणणं होतं. हे मुक्तासमोरच एकदा बोलली होती, अर्थात हिंदीत. मराठी तिला सगळी कळायची, पण जन्म लखनौचा, शाळा लखनौची. मराठीत विचारलेल्याला ती हिंदीत उत्तर द्यायची आणि सुभेदारांना ते आयुष्यभर सलत आलं.

“बघते मी,” मुक्ता म्हणाली. “पण वहिनी, एकदा बघायला लागले की जे निघेल ते सांगणार. आवडेल असंच निघेल असं नाही.”

२

रुग्णालयात मुक्ताला सगळे ओळखत होते, आणि विम्याच्या माणसाला चहा कुणी नाकारत नाही. बिलिंग विभागाचे प्रमुख विश्वजित माथुर यांनी तर समोसेही मागवले. गृहस्थ गोड, केस मागे चापून बसवलेले, बोलण्यात आप-जनाब. पूर्वाचा विषय निघताच त्यांनी मान हलवली आणि बडी होनहार लडकी थी म्हणून हळहळ व्यक्त केली.

मुक्तानं विचारलं की रोज एवढ्या फायली जात असताना नेमकी तीच त्यांनी त्या दिवशी कशी उघडली. माथुरांनी तत्परतेनं सांगितलं. दुपारची वेळ होती. पूर्वा टेबलापाशी उभी राहून वडिलांशी फोनवर बोलत होती, आणि ते दोन टेबलं सोडून बसले होते.

“अपनी भाषा में बोल रही थीं,” ते म्हणाले. “मराठी तो हमें आती नहीं, पर गड़बड़, एंट्री, सही, इतना तो समझ में आ ही गया. मेरा माथा ठनका. फ़ौरन फ़ाइल निकलवाई, और देखिए, दस्तख़त जाली.”

पुढचंही त्यांनीच सांगितलं. सुभेदारांना त्यांनीच बोलावून घेतलं. घरच्या माणसासमोर गोष्ट मिटावी एवढाच हेतू. त्यांना संमतीपत्र दाखवलं, बेटीनं काही सांगितलंय का असं विचारलं, आणि तो साधा माणूस घटकाभर कागदाकडे बघत राहिला. मग पेन मागून त्यानं ते दोन ओळींचं निवेदन लिहिलं. “ऐसे लोग अब कहाँ,” माथुर म्हणाले, आणि मुक्तालाही ते पटलं.

पूर्वाच्या खुर्चीवर आता उत्कर्षा दीक्षित बसत होती. ती पूर्वाच्या मागाहून लागलेली, आणि पूर्वा गेल्यावर महिन्याभरात वरच्या जागेवर चढलेली. कानामागून आली आणि तिखट झाली, असा विचार मुक्ताच्या मनात आल्याशिवाय राहिला नाही. उत्कर्षाला तो तिच्या चेहऱ्यावर दिसला असावा, कारण ती न विचारताच बोलू लागली. संमतीपत्रांचं काम तिच्याकडे नव्हतंच, ते संकेतकडे होतं. नातेवाइकांच्या आणि रुग्णांच्या सह्या तोच गोळा करायचा. संकेत बोबडे, तुमचाच महाराष्ट्रातला. आणि पूर्वाचं आणि त्याचं जरा होतं, हे सगळ्या मजल्याला ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र उत्कर्षानं आवाज खाली आणून सांगितली. तिला ती अजून खटकत होती.

“दो साल साथ बैठी थी मैं उसके. घर से फ़ोन आए तो भी हिंदी में ही बोलती थी. मराठी में मैंने उसे उसी दिन सुना, पहली बार. पता नहीं क्यों.”

३

संकेत रुग्णालयाच्या मागच्या चहाच्या टपरीवर भेटला. अकोल्याचा मुलगा, दाढी वाढलेली. मराठी ऐकताच त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग मुक्ता कशासाठी आली आहे हे कळल्यावर पडला.

माणिकवहिनींच्या मनातला संशय मुक्तानं ओळखला होता. पोरीनं कुणा पोरासाठी गुन्हा अंगावर घेतला असेल, हाच तो. तेव्हा तिनं आडवळण न घेता विचारलं की मास्तरांची सही त्यानं केली का. संकेत चिडला नाही. नाही म्हणाला. मंगळवारचं संमतीपत्र त्याच्या हातून गेलंच नव्हतं, फायलीत ते कुठून आलं हे त्याला कळलं नव्हतं, आणि हे त्यानं तेव्हाही सांगितलं होतं. पण सुभेदारांचा कागद आल्यावर कुणी ऐकायला तयार नव्हतं. पूर्वानं वडिलांना फोन केला तेव्हा तो वरच्या मजल्यावर, मास्तरांच्या दुबईहून आलेल्या मुलापाशी होता. त्याला मुलानं दिवसभर सोडलं नव्हतं.

“मला वाटतं तिनं माझ्यासाठीच अंगावर घेतलं,” तो म्हणाला. “तिला वाटलं असेल मी अडकेन. मी तिला शंभरदा फोन केला. उचलत नाही. मावशी, मी केली असती ना ती सही, तर तिच्या बाबांच्या पायाशी जाऊन सांगितलं असतं.”

त्याचे डोळे भरून आले आणि तो टपरीवाल्याकडे पाठ करून उभा राहिला. मुक्तानं आयुष्यभर खोटं बोलणारी माणसं पाहिली होती. खोटं पकडणं सोपं, कारण ते कुठेतरी लंगडतंच. इथे मात्र तिला वेगळीच धास्ती वाटू लागली. उत्कर्षा खरं बोलत होती, हा पोरगा खरं बोलत होता, आणि सुभेदार शेलार तर जन्मात खोटं बोलले नव्हते. मग मास्तरांची सही पूर्वानंच केली होती की काय?

संध्याकाळी ती डायरेक्टर डॉक्टर भटनागर यांना भेटली. बाई घाईत होत्या. त्यांनी एवढंच सांगितलं की मुलगी आधी खूप बोलत होती, मैंने तो सही किया था, सही किया था, असं म्हणत होती. मग तिच्यासमोर वडिलांचं निवेदन ठेवलं. ते वाचून ती एकदम गप्प झाली, पर्स उचलली आणि उठली. “चुप्पी को हमने क़बूलनामा समझा,” बाई म्हणाल्या. “और क्या समझते?”

४

सुभेदार दीनानाथ शेलार व्हरांड्यात बसले होते. दाढी गुळगुळीत, सदरा कडक, पाय जुळवलेले. मुक्तानं विषय काढल्यावर त्यांनी वहिनींकडे एकदा पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या.

त्यांचं म्हणणं साधं होतं. त्यांनी जे ऐकलं ते लिहिलं. स्वतःचं पोर म्हणून त्यात काना कमी की मात्रा जास्त केली नाही. पलटणीत पोरांना त्यांनी हेच शिकवलं होतं. मग घरी वेगळा कायदा कसा लावायचा?

“निवेदन तुम्ही हिंदीत लिहिलंत,” मुक्ता म्हणाली. “पोरगी मात्र मराठीत बोलली होती. दादा, मला तिचे शब्द हवेत. तुमचं भाषांतर नको.”

सुभेदारांचा करडा चेहरा जरा सैल पडला. तो फोन त्यांच्या पाठ होता, कारण पोरगी आपणहून मराठीत बोलली तो तेवढा एकच फोन. एरवी पापा म्हणणारी त्या दिवशी बाबा म्हणाली. ते बँकेच्या रांगेत होते आणि त्यांना इतका आनंद झाला की शेजारच्या माणसाला सांगावंसं वाटलं.

“ती म्हणाली, ‘बाबा, इथे एक गडबड होती. एका एंट्रीत. ती मीच सही केली. घरी आल्यावर सांगते.’ एवढंच. वाकडंतिकडं मराठी होतं, पण मराठी होतं.”

“तेव्हाच तुम्हाला कळलं, तिनं खोटी सही केली ते?”

“तेव्हा नाही. तेव्हा मला बाबा ऐकू आलं, बाकी काही नाही. तासाभरानं त्या माथुरसाहेबांनी बोलावलं, कागद समोर ठेवला, ही सही खोटी आहे म्हणाले. तेव्हा अर्थ लागला.” त्यांनी सदऱ्याची बाही सारखी केली. “रात्री घरी आली आणि एकच विचारलं. आपने लिखकर दिया? मी म्हटलं, हो, खरं ते लिहिलं. ती आत गेली आणि बॅग भरली.”

“रुग्णाचं नाव घेतलं होतं तिनं फोनवर? त्रिवेदी, मास्तर, असं काही?”

“कुणाचंच नाही.”

मुक्ता घरी आली ती डोकं जड करून. पोरीनं स्वतःच्या तोंडानं सही केली म्हटलं होतं. माथुरांनीही सही ऐकलं होतं. सगळं जुळत होतं, आणि वहिनींना आता हेच सांगावं लागणार होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताच्या घरचा कूलर बंद पडला. लखनौच्या जूनमध्ये कूलर बंद पडला की नवरा-बायकोचं एकमेकांशी बोलणंही बंद पडतं, म्हणून मिस्त्रीला तातडीनं बोलावलं. त्यानं पाठीमागची जाळी काढली, अर्धा तास आत डोकं घातलं आणि पाना पुसत बाहेर आला.

“लीजिए आंटी जी, मोटर हमने सही कर दी.”

मुक्ताचा नवरा निरंजन पेपरातून डोकं वर न काढता मराठीत म्हणाला, “मोटरीवर सही केली? बघ गं, कुठे केलीय. इंग्रजीत केली असेल तर पैसे जास्त घेईल.”

हा विनोद लखनौच्या मराठी घरांत इतका जुना झालाय की त्याला आता कुणी हसत नाही. मुक्ताही हसली नाही. ती उभीच राहिली, हातात मिस्त्रीला द्यायचं सरबत घेऊन, आणि मिस्त्री नुसताच बघत राहिला.

“काय झालं?” निरंजननं विचारलं.

“आपण कसं म्हणू रे?” मुक्ता म्हणाली. “मी सही केली असेल तर, ‘ती सही मीच केली’ असं म्हणू. ‘ती मीच सही केली’ असं कोण म्हणेल?”

“हिंदीत विचार करणारा म्हणेल. ‘वो मैंने ही सही की.’”

मुक्तानं ते वाक्य मनात पुन्हा जुळवलं. इथे एक गडबड होती, एका एंट्रीत, ती मीच सही केली. ती, म्हणजे ती एंट्री. सही, म्हणजे दुरुस्त. न झालेलं ऑपरेशन बिलात घुसलेलं पूर्वाला दिसलं आणि तिनं ते काढून टाकलं. डायरेक्टरसमोरही ती तेच ओरडून सांगत होती. आयुष्यभर हिंदी बोललेली पोर, त्या दिवशी मराठीत बोलायला गेली आणि तिचा हिंदी शब्द बापाच्या मराठी कानात जाऊन पडला. हिंदीत बोलली असती तर सुभेदारांना कळलं असतं. पंचवीस वर्षं लखनौत काढलेल्या माणसाला एवढी हिंदी येते.

मग त्याच दिवशी मराठी का? उत्कर्षाला खटकलेलं कोडं तेच होतं. मराठीचा पडदा कुणी कधी ओढतो? शेजारी बसलेल्याला कळू नये असं वाटतं तेव्हा. संकेतपासून लपवायचं असतं तर मराठीचा उपयोग नव्हता, आणि तो तर खोलीतही नव्हता. राहिले दोघे. उत्कर्षा आणि माथुर.

“आता माथुरांचं ऐक,” मुक्ता निरंजनला म्हणाली. सरबत तिच्याच हातात होतं. “ते म्हणाले, गडबड, एंट्री, सही हे शब्द ऐकले आणि माथा ठनकला. त्यांना मराठी येत नाही. मग सही हा शब्द त्यांनी कुठला ऐकला? हिंदीतला. म्हणजे पोरगी म्हणतेय, एंट्रीतली गडबड मी दुरुस्त केली. यात दचकण्यासारखं काय आहे? चांगल्या साहेबानं विचारलं असतं, कोणती गडबड, दाखव बघू. हा माणूस तिला एक शब्द विचारत नाही. आणि तिनं तर कुणाचं नावही घेतलं नव्हतं. टेबलावरच्या ढिगातून त्यानं नेमकी त्रिवेदींचीच फाईल कशी काढली?”

निरंजननं पेपर खाली ठेवला. “चोराच्या मनात चांदणं,” तो म्हणाला.

मुक्तानं मान हलवली. तिला जिंकल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं. ज्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं त्याला पूर्वाचं मराठी बरोबर कळलं होतं, आणि ज्याच्यासाठी ती ते बोलली त्याला कळलं नाही. हे आता त्या व्हरांड्यात जाऊन सांगायचं होतं.

६

आधी ती डायरेक्टर बाईंकडे गेली. संगणकात पूर्वाच्या नावानं ती फाईल उघडली गेल्याची नोंद होती, तेवढीच त्या वेळी सगळ्यांनी पाहिली होती. आत तिनं काय केलं हे बापाची कबुली हातात असताना कुणी बघायला गेलं नव्हतं. आता पाहिलं. पूर्वानं ऑपरेशनची एंट्री काढून टाकली होती. खोटी सही करून ऑपरेशन घुसवणारा माणूस तेच ऑपरेशन बिलातून कशाला काढेल? आणि काढल्यावर थोड्याच वेळात ते परत बसवलं गेलं होतं, ते माथुरांच्या नावानं.

माथुरांना बोलावलं तेव्हा त्यांनी आधी हसून पाहिलं. मग त्यांचा सगळा आप-जनाब गळून पडला. विभागाचा महिन्याचा आकडा वाढवून दाखवायचा होता, आणि मास्तर तसेही जाणारच होते, असं ते म्हणाले. सही त्यांनीच मास्तरांच्या भरतीच्या कागदावरून गिरवली होती. पूर्वानं एंट्री पकडल्याचं कळताच सगळं तिच्यावर ढकलायचं त्यांनी ठरवलं, आणि सुभेदारांना बोलावलं ते तिनं घरी किती सांगितलंय हे काढून घ्यायला. तो माणूस आपल्याच मुलीवर लेखी आरोप करून जाईल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

“हमने तो कुछ कहलवाया भी नहीं,” माथुर म्हणाले. “उन्होंने ख़ुद ही पेन माँगा.”

व्हरांड्यात मुक्तानं सगळं सुभेदारांना सांगितलं, एक शब्द न वगळता. हाच तिचा वहिनींशी करार होता. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. सांगून झाल्यावर सुभेदारांचे ओठ नुसते पुटपुटत होते. ती मीच सही केली, हेच ते पुन्हा पुन्हा म्हणून बघत असावेत, एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत.

मग वहिनी बोलल्या. इतक्या वर्षांत नवऱ्यापुढे आवाज न चढवलेली बाई आताही आवाज चढवून बोलली नाही.

“पोरगी पहिल्यांदा तुमच्या भाषेत बोलली,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही ते लिहून दिलंत.”

सुभेदारांनी तोंड दोन्ही हातांनी झाकलं. ते रडले. मुक्तानं तिकडे पाहिलं नाही, पण आवाज ऐकू येत होता.

७

अमीनाबादच्या गर्दीत रिक्षा पुढे जाईना तेव्हा मुक्ता आणि सुभेदार उतरून चालत निघाले. सुभेदार वाटेत एकदाच बोलले. पोरीशी हिंदीत बोलणार म्हणाले, म्हणजे या वेळी चूक व्हायला नको. जन्मात ते तिच्याशी हिंदीत बोलले नव्हते.

लखनवी चिकनकारीच्या भरतकामाच्या कपड्यांचं ते दुकान अरुंद आणि खोल होतं. अगदी आत, पंख्याखाली, बिलाच्या टेबलावर पूर्वा बसली होती. वाळली होती. मुक्ताला पाहून उठली आणि तिच्या मागे वडील दिसताच पुन्हा बसली.

मुक्तानं रुग्णालयाचं पत्र तिच्या हातात दिलं. आरोप खोटा ठरल्याचं, दिलगिरीचं, जागा परत देण्याचं. पूर्वानं ते सावकाश वाचलं. तिच्या चेहऱ्यावर काही क्षण जुनी पूर्वा येऊन गेली, आकडे पाठ करणारी.

“थैंक यू, आंटी,” ती म्हणाली. “वहाँ वापस नहीं जाऊँगी. हैदराबाद में एक अस्पताल में बात चल रही है, बिलिंग में ही. बस यही एक चीज़ अटकी थी.” तिनं पत्राची घडी घालून ती पर्समध्ये नीट ठेवली.

सुभेदार पुढे झाले. सवयीनं ताठ उभे राहिले आणि त्यांच्या पलटणीतल्या ठोकळेबाज हिंदीत बोलू लागले.

“बेटा, ग़लती मेरी हुई. हमारे में सही माने दस्तख़त होता है. तुमने बोला सही की, तो मैं समझा...”

“मुझे पता है, पापा,” पूर्वा म्हणाली. “मेरे रिपोर्ट कार्ड पर आप ही तो करते थे, सही. उस दिन जल्दी में मुँह से निकल गया. बाद में हॉस्टल में सोचते-सोचते समझ में आ गया था कि आपने क्या सुना होगा.”

मुक्ताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. जे कोडं सोडवायला ती उन्हातान्हात फिरली ते या पोरीनं कधीच सोडवलं होतं, एकटीनं, हॉस्टेलच्या कॉटवर पडून.

“समझ गई थी?” सुभेदारांचा आवाज फुटला. “तो बताया क्यों नहीं?”

“आप पूछने नहीं आए.”

ती रागानं म्हणाली नाही. तेच वाईट होतं. सुभेदारांच्या मागे एक बाई दोन कुर्ते हातात घेऊन कधीची उभी होती. पूर्वानं वडिलांच्या खांद्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

“ज़रा साइड में हो जाइए, पापा,” ती म्हणाली.

सुभेदार बाजूला झाले, आणि बाईनं कुर्ते टेबलावर ठेवले.